रुग्ण ‘प्रतिसाद देतो’ की औषध ‘लागू पडतं’?

आरोग्यविषयक अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: ‘मेंदूच्या प्रतिमांवरून रुग्ण नैराश्यविरोधी औषधाला प्रतिसाद देईल का याचे भाकीत करता येते’ हे वाक्य व्याकरणात बसतं, तरी कानाला खटकतं. का?

खटकतो तो कर्ता. मराठीत औषधाचं काम औषधानेच करायचं असतं. औषध लागू पडतं, औषधाचा गुण येतो, दुखण्याला उतार पडतो. गोळी ‘मानवणं’ आणखी वेगळं. गोळीने मळमळलं, झोप उडाली, तर ती मानवली नाही, मग आजारावर तिचा गुण का येत असेना. ‘रिस्पॉन्स’चा शब्दशः ‘प्रतिसाद’ केला की सगळा भार रुग्णाच्या डोक्यावर येतो. डिप्रेशनचा माणूस आधीच स्वतःला बोल लावत असतो; त्याला ‘तुम्ही औषधाला प्रतिसाद देत नाही’ असं सांगणं म्हणजे आणखी एका विषयात नापास करणं. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या चाचणीत पहिल्याच औषधाने पूर्ण आराम पडलेले रुग्ण साधारण एक तृतीयांश होते. उरलेल्यांचा यात काय दोष?

संशोधनात मात्र ‘रिस्पॉन्स’ला काटेकोर अर्थ आहे: डिप्रेशन किती तीव्र आहे हे मोजणाऱ्या हॅमिल्टन मापनश्रेणीवरचा आकडा निम्म्याने किंवा त्याहून जास्त खाली येणं. २४ वरून १२ वर आला, तर रिस्पॉन्स. ७ किंवा त्याखाली गेला तर ‘रेमिशन’. मी पहिल्याला ‘उतार’ आणि दुसऱ्याला ‘आराम’ म्हणेन. घरोघरी हा फरक आधीपासून आहेच. ‘गुण’ इथे टाळा. या श्रेणीवर जितके गुण कमी तितका गुण जास्त, आणि वाचक गोंधळलाच!

‘प्रतिसाद’ शब्दावर माझा राग नाही. त्यातली ‘साद’ म्हणजे हाक, मूळ संस्कृत ‘शब्द’, प्राकृतात ‘सद्द’. ‘पडसाद’ हा त्याचा सख्खा भाऊ. हिंदीत डिप्रेशनला ‘अवसाद’ म्हणतात, त्यातला ‘साद’ मात्र खचणं या अर्थाच्या ‘सद्’ धातूचा, ‘विषादा’च्या घरातला. दिसायला एकच, नातं काही नाही.

मेंदूच्या प्रतिमांवरच्या संशोधनाचा गाभाही ‘लागू पडणं’च चांगला पकडतं. मेंदूविकारतज्ज्ञ हेलन मेबर्ग यांच्या चमूने १९९७ मध्ये दाखवलं, की उपचाराआधीच मेंदूच्या पुढच्या सिंग्युलेट भागात ग्लुकोजचा वापर जास्त असलेल्यांना पुढे औषधाने उतार पडला. कमी असलेल्यांना नाही. २०१३ च्या अभ्यासात एस्सिटालोप्रॅम ही गोळी आणि विचार-वर्तनावर काम करणारी सीबीटी ही बोलून करायची उपचारपद्धती अशा दोन वाटा होत्या, बारा आठवड्यांच्या. मेंदूतल्या उजव्या इन्सुला या भागाच्या पुढच्या बाजूला ग्लुकोजचा वापर कमी असलेल्यांना सीबीटीने आराम पडला, जास्त असलेल्यांना गोळीने. म्हणजे प्रश्न रुग्ण चांगला की वाईट हा नसून कोणाला काय लागू पडेल हा आहे.

राहिलं ‘भाकीत’. पंचांगवाले भाकीत करतात, वेधशाळा अंदाज देते. हे अभ्यास थोड्या रुग्णांवरचे, आणि असा स्कॅन बघून गोळी ठरवणं हे रोजच्या उपचारात आलेलं नाही. ‘करता येते’ हे ठाम क्रियापदही म्हणूनच जास्त झालं. ‘प्रतिमा’ चालेल, पण वाचक ‘स्कॅन’ म्हणतो.

मी वाक्य असं लिहीन: ‘डिप्रेशनवरचं कोणतं औषध कोणाला लागू पडेल, याचा अंदाज मेंदूच्या स्कॅनवरून बांधता येईल का, हे संशोधक पाहत आहेत.’