वाचकांचे प्रश्न : प्रणाली नवी, काम मात्र एक्सेलमध्येच

प्रश्न : कार्यालयात खरेदी-मागणी आणि खर्चमंजुरीसाठी नवी ऑनलाइन प्रणाली आली. दोनदा प्रशिक्षण झालं, तरी लोक दिवसभर एक्सेलमध्ये काम करतात आणि संध्याकाळी सगळं प्रणालीत चढवतात. तिसऱ्यांदा प्रशिक्षण द्यावं का?

उत्तर : प्रशिक्षण तूर्त थांबवा आणि ती एक्सेल फाइल मागून घ्या. प्रणालीत काय कमी आहे, याची सगळ्यात खरी यादी तीच. फाइलमधला जो रकाना प्रणालीत नाही, तो कामाला लागतो. प्रणालीतला जो फाइलमध्ये नाही, तो बहुधा दुसऱ्याच विभागासाठी घातलेला असतो.

मग चार-पाच जणांच्या शेजारी तासतासभर बसा. काम खरं हवं, बिलंही खरी. मदत करू नका. कुठे अडतात, कधी मागे जातात, कशासाठी दुसरी फाइल उघडतात, एवढंच टिपा. ‘प्रणाली कशी वाटते?’ हे विचारू नका. साहेबांनी आणलेल्या प्रणालीला तोंडावर वाईट कोण म्हणणार?

बहुतेक ठिकाणी दोष तेच निघतात. टॅब दाबला की कर्सर भलत्याच रकान्यात जातो. पुरवठादारांची यादी शेकड्यांनी, पण नाव टाइप करून शोधायची सोय नाही. अर्ज अर्धा भरला, फोन आला, तेवढ्यात सेशन संपलं आणि भरलेलं सगळं गेलं. हा एकच दोष लोकांना एक्सेलकडे पळवायला पुरेसा आहे, म्हणून तो आधी काढा : मसुदा आपोआप जतन व्हावा, सेशन संपण्यापूर्वी सूचना यावी आणि पुन्हा लॉगिन केल्यावर तोच अर्ज समोर यावा. त्यानंतर बंधनकारक रकान्यांकडे वळा. माहिती हाताशी नसेल तर लोक टिंब किंवा ९९९ टाकून पुढे जातात आणि तोच कचरा वरिष्ठांच्या अहवालात उतरतो. कुठल्याच अहवालात किंवा कायदेशीर नोंदीत न लागणाऱ्या रकान्याची सक्ती काढून टाका.

प्रश्न : चुका टाळायला मंजुरीची आणखी एक पायरी घालावी, असं आयटी विभाग म्हणतो. पटत नाही.

उत्तर : न पटण्याला कारण आहे. ऑगस्ट २०२०मध्ये सिटीबँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या वतीने तिच्या कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यायचं होतं. गेले जवळपास ९० कोटी. व्यवहार तिघांच्या नजरेखालून गेला होता. मुद्दल बँकेतच राहावं यासाठी सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रिन्सिपल’, ‘फ्रंट’ आणि ‘फंड’ या तिन्ही ठिकाणी अंतर्गत खातं द्यावं लागे. तिघांनाही एकट्या ‘प्रिन्सिपल’समोर दिलेलं पुरेसं वाटलं. पडद्यावर इशारा आला, पण पैसे बाहेर जाणार एवढंच त्यात होतं, किती ते नव्हतं. पडदाच दिशाभूल करत असेल तर चौथा माणूसही तिथेच फसेल. पायरी वाढवण्याऐवजी शेवटच्या पडद्यावर रक्कम, कुणाला आणि कुठल्या खात्यातून, हे ठळक अक्षरांत दाखवा.

प्रश्न : ‘वापरणारा आधी’ असं तंत्रज्ञान कंपन्यांचे प्रमुख सतत म्हणतात. मग कार्यालयीन सॉफ्टवेअर इतकं किचकट का?

उत्तर : इथे पैसे देणारा एक आणि वापरणारा दुसरा. स्टीव्ह जॉब्स यांनी २०१०मध्ये हीच तक्रार केली होती : जे वापरतात, ते निवडत नाहीत. त्यामुळे खरेदी समितीत रोज नोंदी करणारे दोघे तरी असू द्या आणि विक्रेत्याचं प्रात्यक्षिक तुमच्याच बिलांवर, या दोघांच्याच हातून करून घ्या.

प्रश्न : चाचणीला माणसं किती? सुधारणा मोजायची कशी?

उत्तर : प्रत्येक भूमिकेतले पाच जण. अर्ज भरणारे पाच, मंजूर करणारे पाच. दोन्ही एकत्र करून पाच नव्हे. दोष दुरुस्त करा आणि नव्या पाच जणांवर पुन्हा चाचणी घ्या.

मोजण्यासाठी जॉन ब्रुक यांची १९८६ची ‘सिस्टिम यूजेबिलिटी स्केल’ ही वापरसुलभता मोजणारी प्रश्नावली वापरा. १० विधानं, वापरणाऱ्याने प्रत्येकाला १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं) गुण द्यायचे. विषम क्रमांकाच्या विधानांच्या गुणांतून १ वजा करा, सम क्रमांकांचे गुण ५मधून वजा करा, बेरजेला २.५ने गुणा. ६८च्या आसपास सरासरी धरतात. आलेला आकडा टक्केवारी म्हणून वाचू नका. सोबत नोंदीला लागणारा वेळही घ्या : दिवसाला २०० नोंदी असतील आणि नोंदीमागे २० सेकंद वाचले, तर तासाहून जास्त वेळ हाती येतो. वरिष्ठांना हा हिशेब चटकन पटतो.