वाचकांचे प्रश्न : अरबांनी ज्ञान नुसते पोहोचवले का?

प्रश्न : मी नववी-दहावीला गणित शिकवते. त्रिकोणमितीतला ‘साइन’ हा शब्द मुळात आपल्या संस्कृत ‘ज्या’पासून आला, असे वर्गात सांगितल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, की मग अरबांनी भारताचे आणि ग्रीकांचे ज्ञान युरोपात नुसते पोहोचवले का? त्याला काय सांगावे?
— एक शिक्षिका, कसबा पेठ, पुणे

उत्तर : आपण सांगितलेली व्युत्पत्ती बरोबर आहे. ‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी. तिचेच ‘जीवा’ हे रूप अरबीत ‘जीब’ झाले. अरबी लिपीत ‘जीब’ आणि ‘जैब’ सारखेच लिहिले जातात आणि ‘जैब’ म्हणजे अंगरख्याची छातीवरची घडी (हिंदीतला ‘जेब’ तोच), म्हणून बाराव्या शतकातील लॅटिन अनुवादकांनी त्या अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द योजला आणि त्याचा पुढे ‘साइन’ झाला.

परंतु ‘नुसते पोहोचवले’ हे मला मुळीच पटत नाही. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा या गणितज्ञाने साइनची कोष्टके अधिक सूक्ष्म केली आणि टॅन्जंटचीही कोष्टके तयार केली. त्याच्याही आधी, इ. स. 820 च्या सुमारास, अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने आपल्या एका ग्रंथात वर्गसमीकरणांचे सहा प्रकार पाडून प्रत्येकाची रीत क्रमाने सांगितली आणि ती भूमितीच्या आकृतींनी सिद्धही करून दाखवली. ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्येच वर्गसमीकरणाचे सूत्र दिले होते, हे खरे. पण बीजगणिताला स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे करण्याचे श्रेय अल्-ख्वारिझ्मीच्या या ग्रंथाकडे जाते. ग्रंथाच्या नावातला ‘अल्-जब्र’ म्हणजे मोडलेले पुन्हा सांधणे. समीकरणातील वजा पद दुसऱ्या बाजूला नेऊन मिळवण्याच्या क्रियेला त्याने हे नाव दिले. 1145 मध्ये स्पेनमध्ये या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद झाला आणि ‘अल्जेब्रा’ युरोपात रुजला. स्पॅनिशमध्ये तर हाडवैद्यालाही ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत! ग्रंथकर्त्याच्या नावाचे लॅटिन रूप ‘अल्गोरित्मी’. आजचा ‘अल्गोरिदम’ त्यातूनच आला. याच अल्-ख्वारिझ्मीने भारतीय अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिताना ती हिंदूंची आहे असे स्पष्टपणे म्हटले होते, हेही विद्यार्थ्याला अवश्य सांगावे, कारण घेतलेले मान्य करून त्यात भर घालणारा माणूस निरोप्या ठरत नाही.

‘शून्य’चे भाषांतर ‘सिफ्र’ आणि त्यातून ‘झीरो’, ‘शर्करा’वरून ‘सुक्कर’ आणि त्यातून ‘शुगर’, हे आपल्याला ठाऊक असेलच. मात्र काही शब्द अरबीतून दोन्ही दिशांना गेले, याकडे सहसा लक्ष जात नाही. कोठारासाठी असलेल्या ‘मख्झन’वरून युरोपात ‘मॅगझिन’ आला, तर त्याच धातूपासून बनलेला ‘खजिना’ मराठीत आला. आणि आपला पत्ता ज्या ‘कसबा’ शब्दाने सुरू होतो, तोही मूळचा अरबी; स्पेनमध्ये ग्रॅनडाच्या अल्हम्ब्रा या राजवाड्यातील जुन्या गढीला आणि मालागाच्या टेकडीवरील किल्ल्याला स्पॅनिश लोक आजही ‘अल्कासाबा’ म्हणतात.