माझी कोंबडी, तुझा शनिवार

प्रिय सोनू,

रविवारी उपासनेहून परतताना गाडीत तू जे विचारलंस, त्यावर मी गप्प बसलो. रागावलो नव्हतो. उत्तर नव्हतं, आणि घरी येईपर्यंतही सुचलं नाही. म्हणून हे पत्र. मराठीतच लिहितोय, अडलं तर आईला विचार.

मी म्हटलं होतं, नाताळपर्यंत शनिवारचं पोहणं सोड आणि लहान मुलांच्या नाताळच्या कार्यक्रमाच्या तालमी घे. माणसानं स्वतःपुरतं जगू नये, प्रभूची इच्छा असेल. त्यावर तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "आजीनं सगळ्यांसाठी सगळं सोडलं. ती देवाची इच्छा होती, की तुम्हा सगळ्यांची?"

आमच्या घरात "प्रभूची इच्छा" हे शब्द दिवसातून दहादा यायचे. उद्या नगरला जायचंय, प्रभूची इच्छा असेल तर. एसटी चुकली, प्रभूची इच्छा. ज्वारी काळी पडली, तेव्हाही तेच. रात्री जेवणं झाली की आजोबा कंदील जवळ ओढून शास्त्र वाचायचे आणि मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" ही ओळ मी कितीदा डोळ्यांवर झोप असताना म्हटली असेल. तिचा अर्थ काय, असं तुझ्यासारखं मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

हंगामाच्या सणाची गोष्ट तुला अर्धीच सांगितली आहे. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पुढं ज्वारीची कणसं बांधून उभी केलेली, खाली भोपळे, अंड्यांच्या टोपल्या, गुळाच्या ढेपा आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना झाली की अंगणात लिलाव. एखादं साधं लिंबू कुणी तरी चढ्या भावानं घ्यायचं आणि तिथंच परत देऊन टाकायचं, मग ते पुन्हा पुकारायचं. ज्यांच्या घरी उद्याच्या पिठाची भ्रांत होती, तीही माणसं हसत हसत बोली वाढवायची. तो आनंद खोटा नव्हता, सोनू. द्यायला मिळतंय याचा असा आनंद मी नंतर फार कमी ठिकाणी पाहिला. नि:स्वार्थीपणा म्हटलं की तुला तोंड पाडून सोसणारी माणसं दिसत असतील. मला ते अंगण दिसतं.

पण माझी एक कोंबडी होती. तुरेवाली, पांढरी. पिल्लू असल्यापासून मी वाढवलेली, हाक मारली की येणारी. मी नऊ वर्षांचा असताना आईनं, म्हणजे तुझ्या आजीनं, ती सणाला नेली. मी रडलो, तर म्हणाली, "प्रभूला उरलंसुरलं द्यायचं नसतं रे, चांगलं असेल ते द्यायचं." लिलावात ती खालच्या आळीला गेली. पुढच्या रविवारपर्यंत राहिली नाही, हे सांगायला नको.

ही गोष्ट मी तुला नेहमी आईच्या श्रद्धेची म्हणून सांगत आलो. या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं, कोंबडी तर माझी होती. मी दिली असती तर ते अर्पण. मला न विचारता घेतली, तर मग ते काय?

आणि मग मिरज आठवलं.

1894 मध्ये डॉ. वानलेस यांनी मिरजेला सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल तुला नावानं तरी माहीत आहे. आजीला तिथं नर्सिंगला जायचं होतं. 1968 साल, वय अठरा. गणवेशासाठी पांढरं कापडही घेऊन ठेवलं होतं. त्याच वर्षी तिची आई गेली. मागं चार भावंडं, बेबीमावशी तर तीन वर्षांची. आजीचे वडील म्हणाले, प्रभूची इच्छा दिसत नाही. झालं, मिरज राहिलं.

ते कापड कुठं गेलं, माहीत आहे? नाताळात आमच्या देवळात देवदूत व्हायची मुलं जे झगे घालायची ना, ते त्याच कापडाचे. मीही घातलाय. पाठीला टाचण्या टोचायच्या. "हे इतकं चांगलं कापड कुठलं?" मी विचारलं होतं. "मिरजेला जायचं होतं तेव्हाचं," एवढंच म्हणून तिनं माझी बाही दुमडली. मी पुढं विचारलं नाही. मोठे मामा शिक्षक झाले, बेबीमावशीचं लग्न झालं, मी शिकलो, इथवर आलो. पुढंही कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आमच्या सोयीचं उत्तर मिळेलच असं नव्हतं.

आजीची आजी दौंडजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशन या आश्रमात वाढली. 1896–97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या उपाशी मुली आणल्या, त्यांतली ती एक. त्यामुळे आपल्या घरात रमाबाईंचं नाव नात्यातल्या बाईसारखं घेतात. त्याही डॉक्टर व्हायला 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या होत्या. कानांनी कमी ऐकू यायचं म्हणून ते शिक्षण हुकलं. लहानपणी आई मला हे सांगायची तेव्हा पुढं म्हणायची, "बघ, दार बंद झालं म्हणून तर केडगाव झालं." ती स्वतःची समजूत घालत होती का? तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

रमाबाईंबद्दलची एक गोष्ट मात्र आम्हाला कुणी सांगितली नाही, ती मी मोठेपणी वाचली. इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण तिथल्या मठातल्या वडीलधाऱ्या भगिनी सांगतील ते सगळं त्यांनी मानलं नाही. पत्रांतून वाद घातले. देवाची आज्ञा आणि माणसांची आज्ञा एकच नव्हे, असं म्हणणारी ती बाई होती. तिनंच पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, शेवटच्या आजारपणापर्यंत त्यावर काम केलं आणि 1922 मध्ये गेली. देवापुढं इतकी वाकलेली आणि माणसांपुढं ताठ. आम्हाला लहानपणी वाकणं तेवढं शिकवलं.

तुला उपदेश करायचा नाहीये, पण गेथशेमाने बागेतली, येशूला धरून नेण्याआधीची रात्र आठव. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणण्याआधी येशूनं स्वतःला काय हवंय ते सांगितलं होतं. हा प्याला माझ्यापासून दूर कर, असं. घाम गाळत, एकापेक्षा जास्त वेळा. आपली इच्छा बोलायचीच नाही, असं त्या प्रार्थनेत कुठंच नाही. आमच्या घरात पुढचा अर्धा भाग पाठ होता. पहिला अर्धा कुणाला, विशेषतः मुलींना, म्हणू दिला का, याची मला खात्री नाही.

तरी आजीचं सगळं जगणं फुकट गेलं असं तू समजू नकोस. रात्रीअपरात्री बाळंतिणीकडं धावणारी, कुणाच्याही पोराचा ताप स्वतः उशाशी बसून उतरवणारी ती बाई मी पाहिली आहे. तिच्या चेहऱ्यावर बळजबरी नसायची. म्हणून मला दोन्ही बाजूंनी बोलावंसं वाटतं आणि कुठलीच बाजू पुरी पडत नाही.

गुरुवारी फोन केला तिला. तुझा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. मग जो प्रश्न पन्नास वर्षांत विचारला नव्हता, तोही विचारला. आई, तुला जायचं होतं का मिरजेला?

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाली, "फार जायचं होतं रे." आणि थोड्या वेळानं, "त्याला सांगितलं होतं मी. रोज रात्री सांगायचे. तुम्हाला काय सांगायचं?"

मला पुढं बोलता आलं नाही. तीच बोलत राहिली. तुझ्या पोहण्याबद्दल विचारलं, किती वाजता उठतेस, पाणी गार असतं का. फोन ठेवताना तुझ्यासाठी निरोप दिला: शनिवार सोडू नकोस, तालमींचं बाबाला बघू दे.

हा निरोप तुला सांगायला मी तीन दिवस लावले.

तुझा,
बाबा