सॅट ऐच्छिक आहे म्हणून सोडायची का?

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं : मुलीची सीबीएसईची दहावी झाली, कंपनी एल-१ वर (कंपनीतल्या बदलीच्या व्हिसावर) पुण्याहून डेट्रॉइटला पाठवते आहे, ऑगस्टपासून ती इथे अकरावीत बसेल. युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनसकट बऱ्याच ठिकाणी सॅट, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा, ऐच्छिक आहे. मग नवा देश, नवी शाळा यात ही आणखी एक परीक्षा तिच्या मागे लावायची का?

निम्मा प्रश्न तर मिशिगन राज्याने परस्पर सोडवलाय. इथल्या सरकारी शाळांत अकरावीची मुलं राज्याच्या परीक्षेचा भाग म्हणून सॅट शाळेतच देतात, बहुतेक एप्रिलमध्ये, आणि तिची फी पालकांना पडत नाही. म्हणजे परीक्षा होणारच आहे. ठरवायचं एवढंच, की आलेले गुण कॉलेजला दाखवायचे की नाही. ते आत्ता पुण्यात बसून ठरवू नका. बारावीच्या सुरुवातीला, गुण हातात असताना, एकेका कॉलेजसाठी वेगळं ठरवायचं असतं. लवकरच्या अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबरला संपते.

‘सगळीकडे ऐच्छिक आहे’ हे वाक्य २०२१ साली जवळपास बरोबर होतं. कोविडमध्ये परीक्षा केंद्रं बंद पडली, म्हणून कॉलेजांनी अट काढली. नंतर एकेकाने परत आणली. एमआयटीने २०२२ मध्ये, डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेकने २०२४ मध्ये तशी घोषणा केली. येलने सॅट, एसीटी (सॅटसारखीच दुसरी परीक्षा), एपी (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) किंवा आयबी (आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम) यांपैकी कशाचे तरी गुण द्याच असं सांगितलं. पर्ड्यू आणि ऑस्टिनची टेक्सस युनिव्हर्सिटी ही सरकारी विद्यापीठंही परत अटीवर आली. उलट कॅलिफोर्नियाची यूसी विद्यापीठं प्रवेश देताना गुण बघतच नाहीत, तुम्ही पाठवले तरी. मिशिगन युनिव्हर्सिटीने २०२४ मध्ये ऐच्छिक हेच धोरण कायम केलं. या यादीत सारखी ये-जा चालू असते, तेव्हा मंडळाच्या गणपतीत कुणी काय सांगितलं त्यावर जाऊ नका. ज्या वर्षी मुलगी प्रवेश घेणार त्या वर्षाचा नियम त्या कॉलेजच्या साइटवर स्वतः वाचा.

आता खरी ऐच्छिक कॉलेजं. गुण न पाठवल्याने तोटा होत नाही, असं ती सांगतात, आणि मी त्यांना खोटं पाडत नाही. पण तुमच्या मुलीचा अर्ज डोळ्यांसमोर आणा. नववी-दहावी सीबीएसईची, अकरावी इथली, बारावीचे निकाल अर्ज करताना आलेलेच नसतात. डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय किंवा ट्रॉयच्या शाळेत तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने दहावीतच एखाददोन एपी विषय केलेले असतील, हिला ती संधीच नव्हती. शिफारसपत्र लिहिणारा काउन्सेलर तिला वर्षभरापासून ओळखतो आणि त्याच्याकडे शेकडो मुलं असतात. अशा तुकड्यातुकड्यांच्या प्रगतिपुस्तकात सॅट हा एकच आकडा असा, की जो दोन्हीकडच्या मुलांना सारखाच लागू पडतो. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पण नवख्या मुलीने मूठ झाकून ठेवण्यात मला तरी फायदा दिसत नाही. गुण बरे असतील तर दाखवावेत.

बरे म्हणजे किती? बहुतेक कॉलेजं ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं पत्रक काढतात. त्याच्या सी९ या भागात प्रवेश घेतलेल्यांच्या गुणांचे पंचविसावे आणि पंचाहत्तरावे पर्सेंटाइल (म्हणजे मधल्या निम्म्या मुलांच्या गुणांचा पट्टा) असतात, आणि किती टक्के मुलांनी गुण पाठवले तेही असतं. मिशिगन युनिव्हर्सिटीसाठी हा पट्टा गेल्या काही वर्षांत १६०० पैकी साधारण १३६० ते १५३० च्या आसपास आहे. पण हे आकडे ज्यांनी गुण पाठवले फक्त त्यांचेच असतात. ज्यांचे कमी होते त्यांनी पाठवलेच नाहीत, म्हणून पट्टा फुगलेला दिसतो आणि १३८० वाली मुलगी उगाच खचते. डार्टमथने २०२४ मध्ये अट परत आणताना हेच कारण दिलं होतं : साधनं कमी असलेल्या शाळांतली मुलं १४०० च्या आसपासचे गुण लपवत होती, आणि त्याच गुणांनी त्यांचं काम झालं असतं.

माझा ठोकताळा असा : खालच्या आकड्याच्या वर असेल तर पाठवा, बरंच खाली असेल तर नको, अगदी काठावर असेल तर गणिताचे गुण वेगळे बघा. इंजिनिअरिंगला गणितात ७६० आणि इंग्रजीत ६१० असलेला अर्ज मी तरी पाठवला असता. आणि काही शाळा ट्रान्सक्रिप्टवरच (शाळेच्या एकत्र गुणपत्रिकेवर) सॅटचे गुण छापतात. तसं असेल तर तुम्ही न पाठवताही कॉलेजला दिसतात! काउन्सेलरला सप्टेंबरमध्येच विचारून ठेवा.

तयारीबद्दल दोन शब्द. परीक्षा आता लॅपटॉपवर, ब्लूबुक या ॲपमध्ये, दोन तास चौदा मिनिटांची. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. गणिताची काळजी सोडा, डेस्मॉसचा कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच असतो. फक्त आपली मुलं सवयीने सगळं हाताने सोडवत बसतात, त्यांना आलेख काढून उत्तर वाचायला शिकवा. अडतं ते इंग्रजीत, तेही इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडायची आपली सवय इथे थेट गुण खाते, तिथे अर्धविराम किंवा पूर्णविराम चालतो. शिवाय पर्यायांतलं लांबलचक, भारदस्त वाक्य बरोबर वाटतं आणि उत्तर कित्येकदा आखूडच निघतं. क्लासला पैसे भरण्याआधी ब्लूबुकवरची एक पूर्ण सराव परीक्षा घड्याळ लावून द्यायला सांगा, खान अकॅडमी ही शिकवणीची वेबसाइटही फुकट आहे. इथल्या देशी पालकांत नववीपासून क्लास लावायची जी चढाओढ आहे तिच्यात मात्र पडू नका.

पैशांचं गणित वेगळं आहे. एल-२ वरच्या (एल-१ वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलांना केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही, म्हणून गुणांवर मिळणारी स्कॉलरशिप महत्त्वाची. अलाबामा युनिव्हर्सिटी शाळेतली सरासरी आणि सॅट यांच्या तक्त्यावरून फीमध्ये सवलत देते. तिथे या परीक्षेची किंमत डॉलरमध्ये मोजता येते. मिशिगनमध्ये राज्यातल्यांची फी लागेल की बाहेरच्यांची, याने मात्र सॅटपेक्षा कितीतरी मोठा फरक पडतो. व्हिसावरच्या मुलांना राज्यातली फी लागू होण्यासाठी काय अटी आहेत, ते त्या कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

टोफेल, म्हणजे इंग्रजी येतं हे दाखवणारी परीक्षा, वेगळी. सॅट ऐच्छिक म्हणजे इंग्रजीचा पुरावाही ऐच्छिक असं नाही. इथल्या शाळेत शिकल्यावर तो बऱ्याच ठिकाणी माफ होतो, पण किती वर्षं शिकायला हवं ते कॉलेजगणिक बदलतं.

निघण्याआधी नववी आणि दहावीच्या गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यानिशी, बंद पाकिटात, तीन-चार प्रतींत घ्या. नववीची हमखास राहते, कारण ती बोर्डाची नसते.