'न्यायालयीन अटक' नव्हे! आणि विसरलेला 'आसेध'

प्रश्न न्यू जर्सीहून आला आहे. एक मराठी बाई तिथल्या आपल्या लोकांसाठी माहितीपत्रक लिहीत आहेत. त्या विचारतात: कोर्टात तारखेला आलेल्या माणसाला इमिग्रेशनचे अधिकारी तिथेच पकडतात, त्या 'कोर्टहाउस अरेस्ट'ला मराठीत 'न्यायालयीन अटक' म्हणावं का? की 'ताब्यात घेणे' बरं?

'न्यायालयीन अटक' अजिबात लिहू नका. हा शब्द कानावर आला की माझं डोकं फिरतं. न्यायालयीन कोठडी न्यायाधीश देतो, न्यायालयीन चौकशी न्यायाधीश करतो. इथे न्यायालय कुणालाच अटक करत नाही. अटक करतात ते 'आइस' (ICE) या केंद्र सरकारच्या इमिग्रेशन खात्याचे लोक, आणि त्यांच्याकडे जे वॉरंट असतं ते बहुतेक वेळा त्याच खात्यातल्या अधिकाऱ्याच्या सहीचं असतं. त्यावर न्यायाधीशाची सही नसते. 'न्यायालयीन' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, न्यायाधीशानेच धरायला सांगितलं. अटकेच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला एवढी चुकीची माहिती देणं बरं नव्हे.

'अटक' शब्दाबद्दल थोडंच. अटकणे, अडकणे सगळ्यांना ठाऊक आहे. अटक हा शब्द सिंधूकाठच्या अटक किल्ल्यावरून आला, असं ठामपणे सांगणारे विद्वान अजून भेटतात. त्यांनी एवढंच सांगावं की अटकणे हे क्रियापद अर्ध्या उत्तर हिंदुस्थानात रोजच्या बोलण्यात आहे, ते सगळं एका किल्ल्यातून कसं निघालं?

मला सांगायचंय ते 'आसेध' या शब्दाबद्दल. आपल्या धर्मशास्त्रातला अटकेचा हा जुना शब्द. धातू सिध्, म्हणजे हाकणं, रोखणं. 'निषेध' आणि 'प्रतिषेध' त्याच घरातले. म्हणजे 'अटकेचा निषेध असो' ही घोषणा संस्कृतात दिली असती तर 'आसेधाचा निषेध' झाली असती, सख्ख्या भावाने भावाला अडवल्यासारखी. नारदस्मृतीत आसेधाचे चार प्रकार दिले आहेत: अमुक जागा सोडू नकोस हा स्थानाचा, अमुक मुदतीपर्यंत थांब हा काळाचा, प्रवासाला निघू नकोस हा तिसरा आणि अमुक काम करू नकोस हा चौथा. मोनिअर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात आसेधाला कोठडीच्या पंगतीला बसवलंय, ते मला मुळीच पटत नाही. या चारांत कुलूप कुठे आहे? आसेध म्हणजे राजाच्या आज्ञेने घातलेली आडकाठी. ती नारद कशासाठी घालायला सांगतो? प्रतिवादी उत्तर द्यायचं टाळत असेल, निसटत असेल, तर न्यायसभेचं बोलावणं येईपर्यंत त्याला रोखून ठेवण्यासाठी. माणूस न्यायसभेपुढे यावा म्हणून आसेध. जो आपल्या पायांनी आला, त्याला आसेध घालायचा कशाला?

आणि पुढे कुणाला आसेध घालू नये याची यादी आहे. लग्नाला निघालेला, आजारी, संकटात सापडलेला, गुरं चारणारा गुराखी, पेरणीच्या वेळचा शेतकरी. त्याच यादीत एक चरण येतो: 'अभियुक्तस्तथान्येन'. दुसऱ्या कुणी ज्याच्यावर आधीच दावा लावलाय, तो. हा चरण पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो होतो. कारण इंग्रजी कायद्याची जुनी परंपरा याच्या अगदी शेजारची आहे: कोर्टात जाताना, कोर्टात असताना आणि कोर्टातून परतताना दिवाणी कारणासाठी माणसाला धरायचं नाही. लॅटिनमध्ये 'एउंदो, मोरांदो एत रेदेउंदो'. (त्या 'एउंदो'तला धातू म्हणजे संस्कृत 'एति'मधला 'इ'च.) आपल्या १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३५मध्ये पक्षकार, वकील आणि समन्सावरून आलेले साक्षीदार यांना हेच संरक्षण आहे. न्यूयॉर्क राज्याने २०२०मध्ये आपल्या कोर्टांसाठी तसा कायदाच केला: न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट नसेल तर येता-जाताना दिवाणी अटक नाही.

पण इमिग्रेशन कोर्टं राज्याची नाहीत. ती केंद्र सरकारच्या न्याय खात्याच्या हाताखाली चालतात. आइसवरचे कोर्टांपुरते निर्बंध जानेवारी २०२५मध्ये उठले आणि मे महिन्यापासून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या २६ फेडरल प्लाझासारख्या, इमिग्रेशन कोर्टं असलेल्या इमारतींत भलतंच सुरू झालं. सरकारी वकील उभा राहून म्हणतो, खटला काढून टाका. समोरच्याला वाटतं, सुटलो. तो बाहेर पडतो तर व्हरांड्यात तोंड झाकलेले अधिकारी उभे. खटला निघाला म्हणजे त्याला सुनावणीशिवाय झटपट देशाबाहेर काढायचा रस्ता मोकळा होईल, हा सरकारचा हिशेब. वेळेवर, चांगले कपडे घालून, कागदांची फाइल घेऊन आलेला माणूस, आणि त्याची हीच तारीख त्याला धरायला वापरली. याला कुणी 'न्यायालयीन' म्हटलं की मला राग येतो तो यासाठी.

आता एका कान्याबद्दल. ज्याला आसेध घातला तो 'आसिद्ध'. नारदाच्या श्लोकात 'नासिद्धस्तं विलङ्घयेत्' असं आहे, म्हणजे आसिद्धाने तो आसेध मोडू नये. ते 'नासिद्ध' घाईत 'न असिद्ध' असं फोडलं की अर्थाचं पार मातेरं होतं. आसिद्ध म्हणजे धरलेला, असिद्ध म्हणजे ज्याच्यावर काही शाबीत झालेलं नाही. व्हरांड्यात धरले जाणारे ते लोक बहुतेक दोन्ही असतात. व्हिसाची मुदत संपल्यावर राहणं ही तिथे दिवाणी बाब आहे, फौजदारी गुन्हा नाही. तरी आपल्याकडच्या बातम्यांत सरसकट 'गुन्हेगार पकडले' असं छापून येतं.

बाई, पत्रकात 'आसेध' लिहा असं मी म्हणणार नाही, कुणाला कळणार नाही. 'ताब्यात घेणे' मात्र टाळा. आपल्याकडे पोलीस चौकशीसाठी ताब्यात घेतात आणि संध्याकाळी सोडतात, निदान ऐकणाऱ्याला तसंच वाटतं. 'कोर्टाच्या आवारात अटक' असं साधं लिहा. बोलताना लोक 'कोर्टातून उचललं' म्हणतात, तेही खरं आहे. आणि त्याखाली ठळक अक्षरांत एक ओळ घाला: वॉरंटवर सही कुणाची आहे ते आधी बघा.