अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाने नवा फ्री एजंट घेतला की चाहते लगेच एवढे खूश किंवा संतप्त का होतात? त्या प्रतिक्रियांना काही अर्थ असतो का?

मी २००९ पासून न्यू जर्सीत, ट्रेंटनच्या जवळ राहते. हा पट्टा असा आहे की एका घरावर फिलाडेल्फिया ईगल्सचा हिरवा झेंडा असतो आणि लगतच्या घरावर न्यूयॉर्क जायंट्सचा निळा. आमचं घर हिरवं, शेजारचं निळं. तुम्ही विचारताय तो प्रकार मी मार्च २०२४ मध्ये अगदी जवळून पाहिला, म्हणून उत्तर त्याच्याच आधाराने देते.

आधी फ्री एजन्सीबद्दल दोन शब्द. आपल्या डोळ्यांपुढे लगेच आयपीएलचा लिलाव येतो, पण हे तसं नाही. लिलावात आपल्याला कोण घेणार हे खेळाडूच्या हातात नसतं. इथे करार संपलेला आणि किमान चार हंगाम पूर्ण केलेला खेळाडू स्वतः ठरवतो की कुठे जायचं. म्हणून लोकांना ते लागतं. त्याला कोणी नेलं नाही, तो गेला. हा हक्क खेळाडूंना १९९३ मध्ये मिळाला, तोही कोर्टात भांडून, आणि त्या खटल्याला ज्याचं नाव होतं तो रेजी व्हाइट ईगल्सचाच. त्याच वर्षी तो ग्रीन बेच्या संघात गेला आणि पुढे तिथे सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला. इथल्या साठीतल्या माणसांशी बोलायला लागा, दहा मिनिटांत रेजी व्हाइट निघतोच.

दुसरी गोष्ट कॅपची. प्रत्येक संघाने वर्षाला खेळाडूंवर किती खर्च करायचा याला मर्यादा असते. २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. एकाच्या ताटात जास्त वाढलं की दुसऱ्याच्या ताटात कमी पडणार, हे चाहत्यांना पाठ असतं. त्यामुळे नव्या माणसाचं नाव ऐकताक्षणी डोक्यात हिशेब सुरू होतो: आता कोणाला सोडणार?

आणि फेब्रुवारीत हंगाम संपला की सप्टेंबरपर्यंत एकही खरा सामना नसतो. मागच्या हंगामाची शेवटची हार मनात तशीच साचून राहते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी दुपारी बारा वाजता संघांना खेळाडूंच्या एजंटांशी बोलायची परवानगी मिळते. सह्या बुधवारी चारनंतर होतात, पण बातम्या सोमवारीच फुटायला लागतात.

२०२४ च्या त्या सोमवारी, ११ मार्चला, आम्ही ईगल्सवाले कसे होतो ते सांगायला हवं. आदल्या हंगामात संघ १० विजय, १ हार असा उधळला होता. मग शेवटच्या सहापैकी पाच सामने हरला आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत टँपा बेने ३२-९ असा धुतला. बचाव फळीची चाळण झाली होती. त्यात आठवडाभरापूर्वी आमचा लाडका जुना खेळाडू जेसन केल्सी निवृत्त झाला होता. सगळे दुखावलेले होते. आणि त्या दुपारी बातमी आली की सेक्वान बार्कली फिलाडेल्फियाला येतोय. तीन वर्षं, ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर, त्यातले २ कोटी ६० लाख खात्रीचे.

बार्कली जायंट्सचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा. २०१८ मध्ये कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) त्यांनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडलं होतं, सहा वर्षं तो त्यांचा चेहरा होता. पण तो वाढला पेनसिल्वेनियात, ॲलनटाउनजवळ, आणि कॉलेजला पेन स्टेटकडून खेळला. आमच्यासाठी तो घरी आला होता, जायंट्ससाठी शत्रूला जाऊन मिळाला होता. जर्सी जाळल्याचे व्हिडिओ फिरले. त्यांचाच जुना रनिंग बॅक टिकी बार्बर रेडिओवर म्हणाला की आमच्यासाठी तू मेलास.

शेजारचे आजोबा जायंट्सचे, त्यांचे वडीलही जायंट्सचे. त्या संध्याकाळी मी गाडीतून सामान काढत होते. त्यांचा नऊ वर्षांचा नातू अंगणात चेंडू फेकत होता आणि त्याच्या अंगात निळी २६ नंबरची जर्सी होती, नंबर धुऊन धुऊन कडांना उसवलेला. त्याला कोणीतरी शाळेत सांगितलं असावं की ईगल्सकडेही बार्कलीचा नंबर २६ च राहणार. त्याने आजोबांना विचारलं, "नंबर तोच आहे, मग ही चालेल ना?" आजोबा म्हणाले, "नाही." मग जरा वेळाने म्हणाले, "घरात घाल." मी मान खाली घालून पिशव्या उचलल्या. त्या क्षणी मला आमच्या आनंदाचं काही वाटेना.

पण आमच्याकडेही निखळ आनंद नव्हता, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला खरं तर इथे दिसतं. माझ्या ऑफिसातले निम्मे ईगल्सवाले कपाळाला हात लावून बसले होते. "रनिंग बॅकला एवढे पैसे? पुन्हा?" त्या 'पुन्हा'मागे २०१५ होतं. तेव्हा डॅलसचा डीमार्को मरे असाच आला होता. आदल्या वर्षी चेंडू घेऊन १,८४५ यार्ड धावलेला, लीगमध्ये सर्वांत जास्त. पाच वर्षांचा ४ कोटी २० लाखांचा करार. मी तेव्हा नुकती या खेळात रमायला लागले होते, सगळ्यांबरोबर नाचले. त्याने ७०२ यार्ड केले आणि वर्षभरात त्याला टेनेसीला देऊन टाकलं. त्याच्याही आधी, २०११ मध्ये, नामदी असोमुघा वगैरे मोठी नावं एकदम गोळा केली होती, नव्याने आलेल्या व्हिन्स यंगने त्या संघाला 'ड्रीम टीम' म्हटलं होतं, आणि तो संघ ८ विजय, ८ हार यावर थांबला.

म्हणजे बार्कलीला नावं ठेवणारे बार्कलीबद्दल बोलतच नव्हते, मरेबद्दल बोलत होते. नाचणारे टँपाकडून झालेल्या पराभवाबद्दल बोलत होते. आणि शेजारचे आजोबा स्वतःच्या संघमालकांवर चिडले होते, ज्यांनी बार्कलीला २०२३ मध्ये एका वर्षाचा फ्रँचायझी टॅग (फ्री एजंट होऊ न देण्याचा संघाचा हक्क) लावून अडवलं आणि मग जाऊ दिलं. २०२४ च्या उन्हाळ्यात जायंट्सच्या ऑफिसातल्या बैठका दाखवणारी मालिका टीव्हीवर आली. त्यात मालक जॉन मारा आपल्या जनरल मॅनेजरला सांगताना दिसतात की सेक्वान फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण जाईल. खुद्द मालकाची ही गत, तर चाहत्याला कोणत्या तोंडाने शांत राहायला सांगायचं?

आता त्या प्रतिक्रिया किती खऱ्या ठरल्या ते पाहा. त्याच सोमवारी ईगल्सने आणखी एक मोठा करार केला होता: न्यूयॉर्क जेट्सचा एज रशर (कडेवरून क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्यावर, धावून जाणारा) ब्राइस हफ, तीन वर्षं, ५ कोटी ११ लाख. वय कमी, आदल्या हंगामात १० सॅक (क्वार्टरबॅकला पास फेकण्याआधीच पाडणं), आमचा बचाव मोडकळीला आलेला. त्याच्यावर कोणाचा आक्षेप मी ऐकला नाही. आणि दोनतीन दिवसांत एक छोटी बातमी येऊन गेली: न्यू ऑर्लिन्सचा झॅक बॉन, एक वर्ष, ३५ लाख. स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीत, जास्त दिसणारा माणूस. आमच्या गटात त्यावर एकाने "ठीक" लिहिलं आणि विषय संपला. मीही त्याचं नाव दुसऱ्या दिवशी विसरले होते.

हफने हंगामात अडीच सॅक केले, आणि सुपर बोलला दुखापत नसतानाही त्याला संघाबाहेर ठेवलं. बॉनला बचावाचे नवे प्रशिक्षक विक फँजिओ यांनी कडेवरून आत, मधल्या लाइनबॅकरच्या (बचावाच्या पुढच्या फळीमागे उभं राहणाऱ्याच्या) जागी आणलं. तो ऑल-प्रोच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या, पहिल्या संघात गेला आणि सुपर बोलमध्ये त्याने कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक महोम्सचा पास पळवला. पुढच्या मार्चमध्ये त्याला जो करार मिळाला तो ५ कोटी १० लाखांचा, जवळपास हफएवढाच. माणूस तोच होता, त्याची जागा बदलली. मार्चमध्ये आपण नाव आणि आकडा बघतो. प्रशिक्षक त्याला कुठे उभा करणार आहेत हे आपल्याला दिसतच नसतं, आणि खेळ तर तिथेच ठरतो. मरेचंही बहुधा तेच झालं होतं: डॅलसमध्ये तो ज्या तऱ्हेने धावायचा, ती आमच्या तेव्हाच्या आक्रमणात बसली नाही.

बार्कलीचं तुम्ही ऐकलं असेल. पहिला सामना ब्राझीलमध्ये साओ पावलोला, तीन टचडाउन. सगळे गात होते. दुसऱ्या सामन्यात अटलांटाविरुद्ध, वेळ संपत आलेली, तिसरा डाउन (चार प्रयत्नांतला तिसरा), त्याच्या हातातून सोपा पास निसटला. तो धरला असता तर सामना तिथेच खिशात होता. २२-२१ ने हरलो. दहा दिवसांपूर्वी गाणारे त्याच तोंडाने "मरे, मरे" करत होते. त्यानंतर तो थांबलाच नाही. २० ऑक्टोबरला जायंट्सच्या मैदानावर जाऊन १७६ यार्ड. हंगामात २,००५, प्लेऑफ धरून २,५०४, इतके यार्ड एका हंगामात कोणीच धावलेलं नव्हतं. आणि ९ फेब्रुवारी २०२५ ला, त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, सुपर बोल जिंकला, कॅन्सस सिटीविरुद्ध ४०-२२.

तर विश्वास किती ठेवायचा? खेळाडू कसा निघेल यासाठी त्या प्रतिक्रियांकडे बघूच नका. त्या संघाला कुठे दुखतंय हे कळून घ्यायचं असेल तर मात्र त्यांच्यासारखं दुसरं साधन नाही. बातमी आली की मी स्वतः आता तीन गोष्टी बघते. एकूण आकडा सोडून खात्रीची रक्कम किती, कारण बाकीचे पैसे संघ त्याला मध्येच काढून वाचवू शकतो. हा माणूस आधी कोणत्या जागी खेळत होता आणि इथे त्याच जागी खेळणार का. आणि त्याच्यापुढे, त्याच्यासाठी वाट करून देणारे कोण आहेत. बार्कलीच्या बाबतीत हा तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा होता. जायंट्सकडे त्याच्यापुढची फळी फाटकी होती, आमच्याकडे लीगमधली एक उत्तम ऑफेन्सिव्ह लाइन होती. "रनिंग बॅकला पैसे देऊ नयेत" म्हणणाऱ्यांनी, आणि त्यांत मीही होते, तिकडे नीट पाहिलंच नाही.

मार्च २०२५ मध्ये मग आमची पाळी आली. सुपर बोलमध्ये महोम्सला दोनदा पाडणारा मिल्टन विल्यम्स १० कोटी ४० लाखांवर न्यू इंग्लंडला गेला. आम्हीच निवडलेला, आम्हीच वाढवलेला पोर. आपण त्याला एवढे पैसे देऊ शकत नव्हतो हे मला कळत होतं, तरी दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. रात्री कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला ठेवायला बाहेर आले तेव्हा शेजारचे आजोबाही त्यांचा डबा ओढत होते. बार्कलीबद्दल आमच्यात वर्षभर एक शब्द झाला नव्हता. ते थांबले, म्हणाले, "विल्यम्सचं ऐकलं. चांगला होता." मी "हो" म्हटलं. ते डबा सरळ करून आत गेले.