वाचकांचे प्रश्न : कॅमेऱ्यासाठी महागडा फोन घेताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे फोनवर व्हिडिओ करणाऱ्यांची होती आणि त्यांचा विषय जवळपास एकच होता. कॅमेऱ्यासाठी गाजलेला, वरच्या श्रेणीतला फोन घ्यायचा तर तो कसा पारखावा? त्यांतली पाच पत्रे निवडून येथे उत्तरे देत आहे. काही पत्रे लांब होती, त्यांचा आशय तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मी भरतकाम शिकवणारे व्हिडिओ करते. सुईचा टाका आणि दोऱ्याचा रंग नीट दिसावा, एवढीच माझी गरज आहे. परीक्षणांत मात्र प्रत्येक फोनची छायाचित्रे सारखीच सुंदर दिसतात. दुकानात फोन हातात आल्यावर मी नेमके काय तपासावे?

उत्तर : छायाचित्रे सारखीच सुंदर दिसतात, कारण एका छायाचित्रासाठी फोन लागोपाठ अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकांवर बसवतो, अंधारा भाग उजळतो, चित्रातला दाणेदारपणा पुसतो आणि एवढे सगळे करायला त्याला पुरेसा वेळ मिळतो. व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतील, तर एका फ्रेमवर काम करायला त्याच्याकडे सेकंदाचा तिसावा भागच उरतो. त्यामुळे छायाचित्रांत अव्वल ठरलेला फोन व्हिडिओत मागे पडलेला अनेकदा दिसतो. तुमचे काम व्हिडिओचे आहे, म्हणून परीक्षणातली छायाचित्रे पाहण्यात फार वेळ घालवू नका.

दुकानात जाताना एक भरलेला रुमाल आणि सुई सोबत न्या. मुख्य कॅमेऱ्यावर व्हिडिओ सुरू करा आणि फोन रुमालापासून एक हात अंतरावरून हळूहळू खाली आणा. एका ठिकाणी चित्र किंचित उडी मारते, बऱ्याच फोनवर कोपऱ्यात लहानसे फूल उमटते आणि रुमालाचा रंग थोडा बदलतो. मुख्य कॅमेऱ्याला तेवढ्या जवळून फोकस करता येत नाही, म्हणून फोनने तुम्हाला न विचारता अतिरुंद कोनाचा दुसरा कॅमेरा लावला, असा त्या उडीचा अर्थ आहे. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, बहुधा लहान असतो, त्यामुळे दिव्याच्या प्रकाशात कापडावर वाळू सांडल्यासारखे दाणे दिसू लागतात आणि लाल दोरा नारिंगीकडे झुकतो. शिवाय फोन कापडाच्या इतका जवळ येतो की त्याचीच सावली टाक्यावर पडते. गंमत अशी की फोन जितका महाग तितका मुख्य सेन्सर मोठा आणि तितकीच ही अडचण लवकर येते.

यावर उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे आपोआप कॅमेरा बदलण्याची सोय बंद करता येते का, हे सेटिंगमध्ये पाहणे. दुसरा आणि तुमच्यासाठी अधिक उपयोगाचा उपाय म्हणजे जवळून फोकस करणारा टेलिफोटो (दूरचे मोठे करून दाखवणारा) कॅमेरा असलेला फोन निवडणे. शाओमी १३ प्रो या फोनमध्ये टेलिफोटो भिंगाला १० सेंटिमीटरपर्यंत फोकस करता येत होता आणि पुढे इतरही काही कंपन्यांनी अशी भिंगे दिली. अशा भिंगाने फोन थोडा वर राहतो, हात मोकळे राहतात आणि टाका मात्र पडदाभर दिसतो. विक्रेत्याला टेलिफोटो किती पट आहे हे सगळेच विचारतात. तुम्ही तो किती जवळून फोकस करतो, हे विचारा.

त्यानंतर पांढऱ्या कापडावरून आपला हात दोन-चार वेळा न्या. हात आला की सारे चित्र उजळते आणि हात गेला की काळवंडते, असे होत असेल तर एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, बांधून ठेवण्याची सोय शोधा. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीचा रंगांचा समतोल) या तीनही गोष्टी व्हिडिओ चालू असताना बांधून ठेवता आल्या पाहिजेत. पहिल्या दोन बहुतेक फोनवर जमतात, तिसरीसाठी अनेकदा सारे हाताने ठरवू देणारा वेगळा प्रो मोड किंवा वेगळे ॲप लागते. दोऱ्याच्या रंगावर तुमचे सारे शिकवणे अवलंबून असल्यामुळे ही तिसरी सोय तुम्ही सोडू नये.

प्रश्न : मी तासाभराची व्याख्याने आणि मुलाखती ध्वनिचित्रित करतो. सध्याचा फोन मध्येच तापून थांबतो, एडिटिंग करताना आवाज ओठांच्या मागे पडत जातो आणि ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. महागडा फोन घेतल्यास हे तीनही दोष जातील का?

उत्तर : पहिला कमी होईल. उरलेले दोन्ही तुम्हालाच घालवावे लागतील.

तापण्याचे आधी पाहू. सेन्सर सतत चालू, प्रोसेसर सतत कामात आणि पडदाही उजळलेला, अशा स्थितीत बंदिस्त फोनला उष्णता बाहेर टाकायला पाठ, पडदा आणि कडा एवढीच जागा असते. तापमान वाढू लागले की फोन आधी पडद्याचा उजेड कमी करतो आणि शेवटी चित्रीकरण थांबवतो. माझाही असा एक प्रसंग आहे. खिडकीतून आलेल्या उन्हात ट्रायपॉडवर फोन लावून मी एक व्याख्यान घेत होतो, लक्ष वक्त्याकडे होते आणि फोन केव्हा थांबला हे मला टाळ्या वाजल्यावर कळले. फोन त्या काळातला चांगल्यांपैकी होता. तेव्हापासून मी कव्हर काढून, फोन सावलीत ठेवून आणि शक्यतो चार्जिंग न करता चित्रीकरण करतो, आणि तासाभराच्या कामासाठी सेकंदाला ६० फ्रेमचा हट्ट धरत नाही. बोलणाऱ्या माणसाला २५ किंवा ३० फ्रेम पुरतात. नवीन फोन परत करण्याची मुदत असेल, तर त्या मुदतीत तुमच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या सेटिंगवर, अखंड एक तास चित्रीकरण करून पाहा. दुकानातल्या दोन मिनिटांत हा दोष दिसत नाही.

आवाज मागे पडण्याचे कारण बहुधा माइकमध्ये नसते. बरेच फोन प्रकाश आणि कामाचा भार पाहून फ्रेमचा वेग सतत थोडा कमी-जास्त करतात. एडिटिंगचे काही सॉफ्टवेअर वेग एकसारखा आहे असे धरून चालते आणि तासाच्या अखेरीस हा फरक ओठांवर दिसू लागतो. स्थिर फ्रेम वेगाने चित्रीकरण करणारे ॲप वापरणे किंवा एडिटिंगच्या आधी फाइल स्थिर वेगात बदलून घेणे, हे दोन्ही मार्ग चालतात.

पट्ट्यांचे गणित सोपे आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटरचा वेग, म्हणजे एका फ्रेमसाठी प्रकाश घेण्याचा वेळ, सेकंदाचा १/५० किंवा १/१०० असेल, तर प्रत्येक फ्रेममध्ये या चढउताराची पूर्ण आवर्तने येतात आणि उजेड सारखा राहतो. १/६० ठेवलात की प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला वेगळा तुकडा येतो आणि पट्टे सरकू लागतात. म्हणून २५ फ्रेम आणि १/५० शटर ही जोडी उत्तम. आयफोनवर २५ फ्रेमचा पर्याय सुरुवातीला दिसत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पाल स्वरूपे (२५ फ्रेमची व्हिडिओ पद्धत) दाखवण्याचा पर्याय चालू केल्यावर तो येतो. साठ हर्ट्झच्या विजेवर हेच गणित ३० फ्रेम आणि १/६० शटरने सुटते. ५० हर्ट्झवरच्या दिव्यांखाली १२० किंवा २४० फ्रेमची संथगती घ्यायची असेल, तर शटर १/१०० पेक्षा जलद राहणारच आणि लुकलुकही राहणारच. त्यासाठी न लुकलुकणारा दिवा किंवा दिवसाचा उजेड हवा.

तासभराचे काम असल्याने साठवणुकीचाही हिशेब करा. ॲपलने दिलेल्या अंदाजानुसार कमी जागा घेणाऱ्या ‘हाय एफिशियन्सी’ स्वरूपातला फोर-के व्हिडिओ ३० फ्रेमना मिनिटाला सुमारे १७० एमबी आणि ६० फ्रेमना सुमारे ४०० एमबी जागा घेतो, म्हणजे तासाला अनुक्रमे १० आणि २४ जीबी. फोर-के प्रोरेस (एडिटिंगसाठीचे, फारसे न दाबलेले स्वरूप) मात्र मिनिटाला सुमारे ६ जीबी घेतो आणि तासाला ३६० जीबी होतात. आयफोन १३ प्रो आला तेव्हा १२८ जीबीच्या फोनवर प्रोरेसला १०८०पी आणि ३० फ्रेमची मर्यादा होती, ती याचमुळे. फाइल संगणकावर उतरवण्याचा वेगही विचारून घ्या. २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ चे पोर्ट सेकंदाला ४८० मेगाबिटचे आहे, तर १५ प्रोचे १० गिगाबिटपर्यंतचे. दोन्ही पोर्टचा आकार एकच, आणि प्रोच्या खोक्यात मिळणारी केबलही कमी वेगाचीच. म्हणजे महाग फोन घेऊनही केबल न बदलल्यास वाट पाहणे आलेच.

प्रश्न : एका फोनमध्ये २०० मेगापिक्सेल आहेत, दुसऱ्यात ५० मेगापिक्सेल पण एक इंची सेन्सर आहे. व्हिडिओसाठी कोणता घ्यावा?

उत्तर : फोर-के व्हिडिओची एक फ्रेम ३८४० गुणिले २१६० पिक्सेलची, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेलची असते. एट-के धरले तरी ती ३ कोटी ३२ लाखांवर थांबते. २०० मेगापिक्सेलचा सेन्सर एरवी शेजारच्या १६ पिक्सेलचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचे चित्र देतो, तर ५० मेगापिक्सेलचा ४ पिक्सेलचा एक करून तेवढेच. त्यामुळे व्हिडिओपुरता मेगापिक्सेलचा आकडा बाजूला ठेवायला हरकत नाही. सेन्सरच्या मधल्या भागातून दुप्पट झूम बऱ्यापैकी स्वच्छ मिळतो, एवढा लाभ त्यातून होतो.

एक इंच हा शब्दही थोडा फसवा आहे. अशा सेन्सरची लांबी-रुंदी १३.२ आणि ८.८ मिलिमीटर असते आणि कर्ण सुमारे १६ मिलिमीटर. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांचा बाहेरचा व्यास इंचात सांगत असत, त्या काळचे हे नाव चिकटून राहिले आहे. तरीही फोनच्या मानाने हा सेन्सर मोठाच आहे आणि कमी उजेडात त्याचा फायदा उघड दिसतो. तोटा असा की फोकसची खोली कमी होते: एक जण थोडा पुढे आणि एक मागे बसला असेल, तर एकाचाच चेहरा रेखीव येतो, आणि वस्तू जवळून दाखवताना तिच्या कडा विरघळतात. मोठ्या कॅमेऱ्यावर अशा वेळी ॲपर्चर, म्हणजे भिंगातले प्रकाशाचे छिद्र, लहान करतात, पण बहुतेक फोनमध्ये ते एकाच मापावर कायम असते. शाओमी १४ अल्ट्रामध्ये ते एफ १.६३ पासून एफ ४ पर्यंत (आकडा मोठा तितके छिद्र लहान) बदलता येते. अशी सोय असलेला मोठ्या सेन्सरचा फोन मिळाला, तर माझे मत त्याच्या बाजूने पडेल.

प्रश्न : लॉग चित्रीकरण असलेलाच फोन घ्यावा, असे मला सांगण्यात आले आहे. मी रोज एक उभा व्हिडिओ करून त्याच संध्याकाळी टाकते.

उत्तर : रोजचा व्हिडिओ संध्याकाळी टाकायचा असेल, तर लॉगसाठी जादा खर्च करू नका. लॉगमध्ये चित्र मुद्दाम फिके आणि सपाट नोंदले जाते, म्हणजे उजळ आणि अंधाऱ्या भागांतला तपशील नंतर रंगसंस्कार करताना हाती राहतो. आयफोनमध्ये ते २०२३ मध्ये १५ प्रोपासून आले. ते दहा बिटमध्ये घेतात हे महत्त्वाचे आहे, कारण आठ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, तर दहा बिटमध्ये १०२४. सपाट चित्र ताणताना आठ बिटचे आकाश पायऱ्यापायऱ्यांचे दिसू लागते. रंगसंस्काराला ज्यांच्याकडे वेळ आहे, त्यांच्यासाठी ही मोलाची सोय आहे. तुमचा उभा व्हिडिओ १०८० गुणिले १९२० मध्ये, तोही दाबून लहान करून, लोकांपर्यंत पोचणार आहे. तुम्ही एचडीआर (उजेड-अंधाराचा पल्ला वाढवून नोंदणारी सोय) बंद आहे ना, एवढे मात्र पाहा. काही फोनवर ते आधीपासून चालू असते आणि एडिटिंग करून टाकलेला व्हिडिओ मग कुठे भगभगीत, कुठे मळकट दिसतो.

प्रश्न : मी चालता चालता स्वतःकडे फोन धरून बोलतो, बहुधा संध्याकाळी. वायरलेस माइकही वापरतो. माझ्यासाठी काय पाहावे?

उत्तर : पुढच्या कॅमेऱ्याला ऑटोफोकस आहे का, हे सर्वांत आधी पाहा. आयफोनमध्येही तो २०२२ मध्ये १४ या मालिकेपासून आला आणि आजही तो सर्वच महाग फोनमध्ये असेल असे धरून चालू नका. हात लांब केला आणि आखडता घेतला, तरी चेहरा स्पष्ट राहतो का, हे दोन सेकंदांत कळते. मग दिवे लागल्यावर चालत चित्रीकरण करून पाहा. दिवसा लोण्यासारखे चालणारे स्थिरीकरण रात्री उघडे पडते, कारण शटर अधिक वेळ उघडे राहते आणि फ्रेम जागच्या जागी धरली तरी तिच्या आतले चित्र पावलागणिक फरकटते. रस्त्यावरच्या दिव्यांची हिरवट प्रतिबिंबे चित्रात तरंगतात का, हेही तेव्हाच पाहून घ्या. भिंगावर नामांकित कॅमेरा कंपनीचे नाव असले, तरी ती दिसू शकतात.

माइक जोडल्यावर फोनचे मूळ कॅमेरा ॲप तो खरोखर वापरते का, याची खात्री करा. काही ॲप माइक जोडलेला दाखवतात आणि आवाज मात्र फोनच्या माइकमधून घेतात; घरातल्या शांततेत हे लक्षातही येत नाही. चित्रीकरण सुरू करून शर्टावरच्या माइकवर नखाने हलकेच खरवडा आणि नंतर ऐका. खरखर कानाशी आल्यासारखी मोठी ऐकू आली, तर तोच माइक चालू आहे. ती लांबून आल्यासारखी वाटली, तर ॲप बदला.